तह दोघांचा असतो

१९८१च्या हिवाळ्यात न्यूझीलंड दुभंगला. दक्षिण आफ्रिकेचा स्प्रिंगबॉक्स हा रग्बी संघ ५६ दिवसांच्या दौऱ्यावर आला होता आणि वर्णद्वेषी राजवटीच्या संघाशी खेळू नये म्हणून दीड लाखाहून अधिक लोक रस्त्यावर उतरले होते. २५ जुलैला हॅमिल्टनमध्ये निदर्शक कुंपण पाडून मैदानात घुसले आणि सामना रद्द करावा लागला. घराघरांत भांडणे झाली, पोलिसांच्या लाठ्या बसल्या, दीड हजारांवर लोकांवर खटले भरले गेले.

निदर्शकांत बहुसंख्य होते पाकेहा, म्हणजे युरोपातून आलेल्या वसाहतकऱ्यांचे वंशज. त्यांच्याबरोबर माओरीही चालत होते. या माओरी सोबत्यांनी त्यांना एक प्रश्न विचारला. दूरच्या आफ्रिकेतल्या अन्यायासाठी तुम्ही डोकी फोडून घेता, ते चांगलेच आहे. पण तुमचे घर ज्या जमिनीवर उभे आहे ती कोणाची होती आणि तुमच्याकडे कशी आली, हे तुम्हाला माहीत आहे का?

बहुतेकांना माहीत नव्हते. शाळेत कोणी शिकवले नव्हते, घरी कोणी बोलले नव्हते. त्या प्रश्नातून एक वेगळीच चळवळ उभी राहिली. वसाहतकऱ्यांच्या वंशजांनी आपल्याच लोकांना आपल्याच इतिहासाचे धडे देण्याची ही चळवळ होती. तिचे मोल समजायचे तर आधी १८४० सालात जावे लागते.

दोन भाषा, दोन तह

१८४० साली न्यूझीलंडमध्ये माओरींची संख्या साधारण ७० ते ९० हजार होती आणि युरोपीय होते जेमतेम दोन हजार. व्हेल पकडणारे, लाकडाचे व्यापारी, मिशनरी असे हे लोक माओरींच्या मर्जीने आणि त्यांच्याच रीतीने तिथे राहत. उत्तरेकडच्या ३४ रंगातिरांनी, म्हणजे माओरी नायकांनी, १८३५ सालीच आपल्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला होता आणि ब्रिटिश सरकारने त्याची दखलही घेतली होती. पण लंडनमध्ये ‘न्यूझीलंड कंपनी’ने न पाहिलेल्या जमिनीचे तुकडे विकायला काढले, वसाहतकऱ्यांची जहाजे निघाली आणि ब्रिटिश सरकारने कॅप्टन विल्यम हॉब्सन यांना तह करायला धाडले.

हॉब्सन यांनी इंग्रजी मसुदा तयार केला. मिशनरी हेन्री विल्यम्स आणि त्यांचा मुलगा एडवर्ड यांनी ४ फेब्रुवारीच्या रात्री बसून त्याचे माओरी भाषांतर केले. ५ तारखेला वायतांगी येथे रंगातिरांनी दिवसभर वाद घातला; अनेकांनी हॉब्सन यांना तोंडावर सांगितले की परत जा. ६ फेब्रुवारी १८४० रोजी सह्या सुरू झाल्या. पुढच्या काही महिन्यांत तहाच्या प्रती देशभर फिरल्या आणि सुमारे ५४० रंगातिरांनी सह्या केल्या. त्यांत काही स्त्रियाही होत्या. इंग्रजी मजकुरावर सह्या करणारे अवघे ३९ होते. बाकी सर्वांनी माओरी मजकूर ऐकला आणि त्यावरच आपली खूण उमटवली.

सगळा वाद इथूनच सुरू होतो, म्हणून या दोन मजकुरांतला फरक नीट पाहायला हवा. इंग्रजी तहाच्या पहिल्या कलमात माओरींनी आपले सार्वभौमत्व राणीला कायमचे देऊन टाकले असे लिहिले आहे. माओरी मजकुरात त्या जागी ‘कावानातांगा’ हा शब्द आहे. मिशनऱ्यांनी ‘गव्हर्नर’वरून घडवलेल्या या शब्दाचा अर्थ कारभार पाहण्याचा अधिकार एवढाच होता. दुसऱ्या कलमात, इंग्रजीनुसार, माओरींच्या जमिनी, जंगले आणि मासेमारीच्या जागा त्यांच्या ताब्यात राहतील. माओरी मजकूर त्याहून पुष्कळ पुढे जातो. जमिनी, गावे आणि जपून ठेवावे असे जे जे आहे त्या सर्वांवर रंगातिरांची ‘तिनो रंगातिरातांगा’, म्हणजे पूर्ण मुखत्यारी, कायम राहील असे तो सांगतो. तिसऱ्या कलमाने माओरींना ब्रिटिश प्रजेचे सारे हक्क दिले.

रंगातिरांच्या समजुतीप्रमाणे, गव्हर्नर आपल्या बेलगाम गोऱ्या लोकांना आवर घालणार होता आणि माओरींचे जग माओरींच्याच हातात राहणार होते. छापखाना चालवणारे मिशनरी विल्यम कोलेन्सो यांनी सह्या सुरू होतानाच हॉब्सन यांना हटकले की या लोकांना आपण कशावर सही करतो आहोत हे खरोखर कळले आहे का. हॉब्सन यांनी त्यांची शंका बाजूला सारली. पाकेहांपैकी कोणी तरी त्याच दिवशी हा प्रश्न विचारला होता, हे इथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

शब्द मोडला तो कसा

तहाची शाई वाळण्याआधीच मोडतोड सुरू झाली. प्रती अजून देशभर फिरत असतानाच, २१ मे १८४० रोजी, हॉब्सन यांनी सगळ्या देशावर ब्रिटिश सार्वभौमत्व जाहीर करून टाकले.

पुढे जमीन गेली ती तीन वाटांनी. पहिली वाट खरेदीची. १८४८ साली दक्षिण बेटावरची सुमारे दोन कोटी एकर जमीन सरकारने न्गाई ताहू या इवीकडून, म्हणजे वंशसमूहाकडून, दोन हजार पौंडांत घेतली. त्यांच्यासाठी पुरेशी जमीन राखून ठेवण्याचे वचन होते. प्रत्यक्षात पदरात पडले साडेसहा हजार एकरांहूनही कमी. पुढच्याच वर्षी मातियाहा तिरामोरेहू या रंगातिराने सरकारकडे लेखी तक्रार केली. तिचा निकाल लागायला १९९८ साल उजाडले.

दुसरी वाट युद्धाची. १८५८ पर्यंत गोऱ्यांची संख्या माओरींपेक्षा वाढली होती आणि त्यांना आणखी जमीन हवी होती. जमीन विकायची नाही म्हणून वायकातोच्या माओरींनी एक राजा निवडला. १२ जुलै १८६३ रोजी ब्रिटिश फौज मंगाताफिरी ओढा ओलांडून वायकातोत शिरली. या युद्धांत लढलेल्या ४३व्या आणि ७०व्या पलटणी हिंदुस्थानातून तिकडे हलवलेल्या होत्या. २१ फेब्रुवारी १८६४च्या पहाटे फौजेने रंगियाओफिया या गावावर हल्ला केला. तिथे लढवय्ये जवळपास नव्हतेच. बायका, मुले आणि म्हातारी माणसे होती. घराला आग लागली आणि आतली माणसे त्यात मेली. नंतर ‘बंडखोरी’ची शिक्षा म्हणून कायद्याने जमिनी जप्त झाल्या. एकट्या वायकातोत सुमारे १२ लाख एकर गेली आणि ज्यांनी बंड केलेच नव्हते त्यांचीही गेली.

तिसरी वाट न्यायालयाची होती आणि ती सर्वांत शांतपणे काम करणारी. १८६५ साली स्थापन झालेल्या ‘नेटिव्ह लँड कोर्टा’ने सामूहिक मालकीची जमीन मोजक्या नावांवर चढवली. नाव लागलेल्या माणसाला कर्ज, मोजणीचा खर्च आणि कोर्टाच्या फेऱ्या यांत अडकवले की जमीन सुटी होऊन बाजारात येई. १८४० साली देशाची सगळी, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख एकर जमीन माओरींची होती. १९७५ पर्यंत त्यातली ३० लाख एकरांच्या आसपास उरली.

तारानाकीतल्या पारिहाका गावाने यावर हत्यार न उचलता उत्तर दिले. ते फिती ओ रोंगोमाई आणि तोहू काकाही यांच्या सांगण्यावरून १८७९ साली माणसे नांगर घेऊन गेली आणि जप्त जमिनीवर सरळ तास धरले. एकाला पकडले की दुसरा नांगर हाती घेई. शेकडो जणांना खटला न चालवता तुरुंगात डांबले गेले. ५ नोव्हेंबर १८८१ रोजी सुमारे १,६०० सशस्त्र माणसे गावावर चालून आली तेव्हा वेशीवर मुले गात होती आणि सैनिकांना भाकरी देऊ करत होती. तरीही गाव लुटले गेले, घरे पाडली गेली, नेत्यांना पकडून नेले. गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहाच्या पाव शतक आधीची ही गोष्ट आहे.

आणि तह? १८७७ साली मुख्य न्यायाधीश प्रेंडरगास्ट यांनी निकालात म्हटले की सार्वभौमत्व देण्यापुरता हा तह कायद्याच्या दृष्टीने शून्यवत आहे. मूळ कागद सरकारी इमारतीच्या तळघरात पडून राहिले. १९०८ मध्ये सापडले तेव्हा उंदरांनी ते कुरतडले होते.

मराठी वाचकाला हे सारे अनोळखी वाटणार नाही. १८१९च्या तहाने छत्रपती प्रतापसिंहांना दिलेले साताऱ्याचे राज्य इंग्रजांनी १८४८ साली खालसा केले, आणि प्रतापसिंहांचे वकील रंगो बापूजी न्याय मागत वर्षानुवर्षे लंडनमध्ये उंबरे झिजवत राहिले. माओरी राजा तावियाओ १८८४ साली त्याच लंडनला राणीच्या भेटीसाठी गेला. त्याच्याही हाती वाटाण्याच्या अक्षता पडल्या. तुमच्या वसाहतीच्या सरकारकडे जा, असे सांगून त्याला परत पाठवले गेले.

विसरणे आपोआप होत नाही

एवढे सगळे घडले, तर शंभर वर्षांत पाकेहांच्या घराघरांतून ते पुसले कसे गेले? विसरण्याची एक व्यवस्था होती. रस्त्यांना आणि गावांना युद्ध लढलेल्या सेनापतींची, गव्हर्नरांची नावे मिळाली. हॅमिल्टन शहराचे नाव तर लढाईत पडलेल्या नौदल अधिकाऱ्याचे आहे. पाठ्यपुस्तकांत पहिली जहाजे, जंगलतोड करून उभी केलेली शेते आणि मेंढ्या होत्या. वंशावळ्यांत कोणत्या जहाजाने कोण आले हे असे, जमीन कोणाकडून आली हे नसे. माओरी शाळांत मुलांना आपली भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत. १९१३ साली शाळेत जाणाऱ्या माओरी मुलांपैकी ९० टक्के माओरी बोलू शकत. १९७५ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांच्याही खाली आले होते.

त्याच वेळी तहाचा सोहळा मात्र सुरू झाला. गव्हर्नर जनरल लॉर्ड ब्लेडिस्लो यांनी वायतांगीची जागा विकत घेऊन १९३२ साली राष्ट्राला भेट दिली. जगात सर्वांत चांगले वांशिक संबंध आपलेच, ही समजूत घट्ट झाली. तह साजरा करायचा आणि वाचायचा मात्र नाही, अशी ही रीत होती.

माओरी कधीच विसरले नव्हते. १९७२ मध्ये ‘न्गा तामातोआ’ या तरुणांच्या गटाने भाषेसाठी ३० हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज संसदेला दिला. १९७५ मध्ये ऐंशीला टेकलेल्या फिना कूपर उत्तर टोकापासून राजधानी वेलिंग्टनपर्यंत सुमारे हजार किलोमीटरचा मोर्चा घेऊन निघाल्या. जमिनीचा आता एक एकरही जाऊ द्यायचा नाही, ही त्यांची मागणी होती. त्याच वर्षी मातिउ राता या माओरी मंत्र्याच्या प्रयत्नाने तहभंगाच्या तक्रारी ऐकणारे ‘वायतांगी न्यायाधिकरण’ स्थापन झाले. १९७७ मध्ये ऑकलंडच्या बॅस्टियन पॉइंटवर न्गाती फातुआ लोकांनी आपल्या उरल्यासुरल्या जमिनीवर ठाण मांडले. ५०६व्या दिवशी पोलीस आणि लष्कर आणून २२२ जणांना अटक झाली. दूरदर्शनवर ती दृश्ये पाहून अनेक पाकेहा हादरले. स्प्रिंगबॉक्सच्या दौऱ्यात विचारलेला प्रश्न या पार्श्वभूमीवर आला होता.

आपल्या लोकांना तुम्ही शिकवा

१९८०च्या दशकात माओरी कार्यकर्त्यांनी पाकेहा सहानुभूतीदारांना स्पष्ट सांगितले की आमच्या बैठकांत येऊन आम्हाला पाठिंबा जाहीर करणे पुरेसे नाही. प्रत्येक पाकेहाला पहिल्यापासून सारे समजावून सांगत बसायला आमच्याकडे वेळ नाही, आणि ते आमचे कामही नाही. ते तुम्ही करा.

काहींनी ते मनावर घेतले. चर्चेसच्या राष्ट्रीय परिषदेचा वर्णद्वेषविरोधी कार्यक्रम मिट्झी नेअर्न चालवत होत्या. १९९० साली तहाला १५० वर्षे पूर्ण होणार होती. त्याआधी पाकेहांना तह समजावा म्हणून दशकाच्या मध्यावर ‘प्रोजेक्ट वायतांगी’ सुरू झाला. शहराशहरांत छोटे गट झाले. चर्चच्या सभागृहांत, कामगार शिक्षण संस्थांत, कचेऱ्यांत तहाच्या कार्यशाळा होऊ लागल्या. क्राइस्टचर्चचे रॉबर्ट कॉन्सेडाइन यांनी हे काम अनेक वर्षे केले आणि ‘हीलिंग अवर हिस्टरी’ या पुस्तकात त्याची मांडणी केली. ते आयरिश वंशाचे. इंग्रजांनी आयर्लंडमध्ये काय केले याची जाण असल्यामुळे माओरींचे दुःख समजायला त्यांना एक वाट मिळाली होती.

या कार्यशाळांची घडण मुद्दाम अभ्यासावी अशी आहे, कारण ती अनुभवातून तयार झाली आहे.

सुरुवात स्वतःपासून होते. तुझे पूर्वज कुठून आले, का आले, आल्यावर कोणत्या जमिनीवर बसले, ती त्यांना कोणी दिली? अनेकांना पहिल्यांदाच कळते की आपले पणजोबा स्कॉटलंडच्या डोंगरातून जमीनदाराने हुसकावलेले शेतकरी होते आणि इकडे येऊन त्यांना मिळालेला तुकडा दुसऱ्या कोणाकडून जप्त केलेला होता. सोसणारे आणि लाभ घेणारे एकाच घराण्यात असू शकतात. ही गोष्ट पचायला जड आहे, पण ती कळल्यावर माणूस इतिहासाकडे ‘आपण’ आणि ‘ते’ अशा सोप्या वाटणीने पाहत नाही.

मग दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले जातात. त्यानंतर कायदे सालवार मांडले जातात आणि प्रत्येक कायद्यासमोर एकच प्रश्न विचारला जातो की यातून जमीन, पैसा आणि अधिकार कोणाकडून कोणाकडे गेले. आजोबांना महायुद्धावरून परतल्यावर सरकारी कर्जाने शेत मिळाले, शेतावर वडील शिकले, वडिलांच्या घराच्या तारणावर आपले घर झाले, अशी साखळी लोकांना आपल्याच घरात दिसू लागते. ‘ते सगळे फार पूर्वी झाले, माझा काय संबंध?’ या प्रश्नाला कोणी व्याख्यान देऊन उत्तर देत नाही. ज्याचे त्यालाच ते सापडते.

पाकेहांचे वर्ग अनेकदा माओरींपासून वेगळे घेतले जात. एकत्र बसले की पाकेहांचे अज्ञान, राग आणि रडू सांभाळण्याचे ओझे माओरींवर पडते, हा अनुभव होता. शिवाय पाहुण्यांसमोर माणूस गोड बोलतो, आपल्या लोकांत मनातले बोलतो. आणि मनातले बाहेर आल्याशिवाय शिकणे होत नाही. गट वेगळे असले तरी काय शिकवले जाते याची जबाबदारी माओरींपुढे ठेवलेली असे.

अपराधी भावनेबद्दल या शिक्षकांनी फार विचार केला. पहिल्यांदा इतिहास कळला की काही जण चिडतात, काही जण कोसळतात. चिडलेला माणूस ऐकत नाही आणि कोसळलेला माणूस काम करत नाही. म्हणून दोष आणि जबाबदारी यांत फरक करायला शिकवले जाते. रंगियाओफिया तुम्ही जाळले नाही, तेव्हा तो दोष तुमचा नाही. पण त्या युद्धाने तयार झालेला देश आज तुम्ही चालवता, त्याच्या शाळा, नगरपालिका, इस्पितळे तुमच्या हातात आहेत, म्हणून तो दुरुस्त करण्याची जबाबदारी तुमची आहे. वडिलांचे घर वारशाने घेतले की त्यावरचे कर्जही घ्यावे लागते, तसेच हे.

याच काळात इरिहापेती राम्सडेन या माओरी परिचारिकेने नर्सिंगच्या शिक्षणात एक क्रांतिकारक कल्पना आणली. नर्सने माओरींच्या चालीरीती पाठ करण्यापेक्षा आधी स्वतःच्या संस्कारांकडे, पूर्वग्रहांकडे आणि हातातल्या अधिकाराकडे पाहावे, आणि सेवा सुरक्षित वाटली की नाही हे रुग्णाने ठरवावे. १९९२ मध्ये नर्सिंग कौन्सिलने ही ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ अभ्यासक्रमात आणली. वर्तमानपत्रांतून टीकेची झोड उठली. कौन्सिल मागे हटली नाही, आणि आज ही कल्पना जगभरच्या आरोग्यशिक्षणात वापरली जाते.

सोबत करणे म्हणजे काय

चार दशकांच्या या कामातून सोबतीचे काही नियम ठरत गेले.

पहिला नियम असा की पुढे माओरींनी चालायचे. काय मागायचे, केव्हा तडजोड करायची हे ज्यांची जमीन गेली ते ठरवतील. दुसरा, आपले काम आपल्या लोकांत करायचे. माओरींच्या सभेत टाळ्या मिळवणे सोपे असते. स्वतःच्या मेहुण्याने जेवणाच्या टेबलावर ‘यांना किती द्यायचे?’ म्हटल्यावर शांतपणे आकडे सांगणे अवघड. आकडे आहेतही. वायकातो-ताइनुई आणि न्गाई ताहू यांच्याशी १९९५ आणि १९९८ साली सरकारने प्रत्येकी १७ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. बुडालेल्याच्या मानाने ती फारच थोडी होती, आणि दोन्ही इवींनी हे जाणूनच समझोता केला. तिसरा नियम, जिथे आपला हात चालतो तिथे तो चालवायचा. शिक्षकाने वर्गात, नगरसेवकाने ठरावात, ग्रंथपालाने ग्रंथालयात, वकिलाने न्यायालयात. चौथा, शाबासकीची वाट पाहायची नाही. दिलेला शब्द पाळणे हे उपकार नव्हेत.

अशी माणसे आधीही होती. १८६० साली सरकारने वायतारा इथली जमीन बळजबरीने घेऊन युद्ध पेटवले, तेव्हा देशाचे पहिले मुख्य न्यायाधीश राहिलेले विल्यम मार्टिन आणि मिशनरी ऑक्टेव्हियस हॅडफील्ड यांनी ते अन्यायाचे आहे असे जाहीरपणे लिहिले. गोऱ्या समाजाने त्यांना देशद्रोही ठरवले. पत्रकार डिक स्कॉट यांनी १९५४ मध्ये आणि पुन्हा १९७५ मध्ये पारिहाकाची गोष्ट पुस्तकरूपात आणली, नाही तर अनेक पाकेहांना ते गाव नकाशावरही सापडले नसते. २०१७ साली सरकारने त्या गावात जाऊन औपचारिक क्षमा मागितली, तोवर हल्ल्याला १३६ वर्षे होत आली होती.

१९८७ मध्ये अपील न्यायालयाने तहाला भागीदारीचे स्वरूप असल्याचे मान्य केले. २०१४ मध्ये वायतांगी न्यायाधिकरणाने निष्कर्ष काढला की १८४०च्या फेब्रुवारीत सही करणाऱ्या उत्तरेच्या रंगातिरांनी आपले सार्वभौमत्व सोडलेच नव्हते. न्यायाधिकरणाचे दीर्घकाळ अध्यक्ष राहिलेले एडवर्ड ड्यूरी यांनी पाकेहांना ‘तांगाता तिरिती’, म्हणजे तहाचे लोक, असे नाव दिले. माओरी हे भूमीचे लोक. बाकी सर्व तहाचे. या देशात पाकेहांना हक्काने राहता येते ते याच तहामुळे. तेव्हा तह मोडला, तर त्यांच्याही पायाखालची जमीन जाते.

शाळेत पोहोचायला लागलेली वर्षे

कार्यशाळेत येणारा माणूस मुळात थोडा तयार असतो. सगळा समाज शिकायचा तर शाळाच हवी. तो धक्का मुलांनी दिला. २०१४ मध्ये ओतोरोहांगा कॉलेजचे विद्यार्थी रंगियाओफिया आणि ओराकाउ या युद्धस्थळांच्या सहलीला गेले. आपल्या घरापासून इतक्या जवळ काय घडले होते हे त्यांना तिथे वृद्धांच्या तोंडून कळले. वायमारामा अँडरसन ही माओरी आणि लिया बेल ही पाकेहा, या दोन विद्यार्थिनींनी सह्या गोळा केल्या. डिसेंबर २०१५ मध्ये १२ हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज संसदेत पोहोचला. न्यूझीलंडमधल्या युद्धांचा स्मृतिदिन असावा आणि ती शाळेत शिकवली जावीत, एवढीच मागणी होती. २८ ऑक्टोबर हा स्मृतिदिन ठरला. इतिहासशिक्षकांच्या संघटनेने रेटा लावला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये तत्कालीन पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी तशी घोषणा केली. २०२३ पासून पहिली दहा वर्षे शिकणाऱ्या सर्व मुलांना देशाचा इतिहास सक्तीचा झाला. गावची नदी, गावचा डोंगर, गावची लढाई यांपासून सुरुवात करावी अशी त्याची रचना होती.

हे टिकेल याची हमी नाही. अभ्यासक्रमात काय ठेवायचे आणि काय गाळायचे यावर तिथे आजही राजकारण चालते. नोव्हेंबर २०२४ मध्ये डेव्हिड सीमोर या नेत्याच्या पक्षाने तहाच्या तत्त्वांची नव्याने व्याख्या करणारे विधेयक संसदेत आणले. माओरींची वेगळी मुखत्यारी त्यातून निकालात निघाली असती. उत्तरेतून निघालेला मोर्चा १९ नोव्हेंबरला संसदेसमोर पोहोचला तेव्हा पोलिसांच्या अंदाजाने ४२ हजार लोक जमले होते. त्यांत पाकेहा होते, पॅसिफिक बेटांवरचे होते, आशियाई होते. संसदीय समितीकडे तीन लाखांवर निवेदने आली आणि त्यातली सुमारे ९० टक्के विधेयकाच्या विरोधात होती. १० एप्रिल २०२५ रोजी ते ११२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळले गेले.

१९८१ मध्ये ज्यांना आपल्या पायाखालच्या जमिनीचा इतिहास माहीत नव्हता, त्यांची मुले आणि नातवंडे २०२४ मध्ये तहाचा दुसरा पक्ष म्हणून माओरींच्या मागे उभी राहिली. चर्चच्या सभागृहांत आठ-दहा माणसांना घेऊन बसलेल्या त्या शिक्षकांचे हे श्रेय आहे. समाजाची समजूत बदलते ती अशा चिकाटीने. तिला दुसरा जवळचा रस्ता नाही.

आता आपला प्रश्न

२०२३च्या जनगणनेनुसार न्यूझीलंडमध्ये भारतीय वंशाचे सुमारे २ लाख ९२ हजार लोक आहेत. पाकेहा आणि माओरी यांच्यानंतरचा हा सर्वांत मोठा समूह आहे. त्यात ऑकलंड, हॅमिल्टन, वेलिंग्टन इथे घर केलेली मराठी कुटुंबेही आहेत. त्यांच्या पूर्वजांनी कोणाची जमीन जप्त केली नाही, हे खरे. पण त्यांना राहण्याचा परवाना देणारे सरकार तहातूनच उभे राहिले आहे, म्हणून तेही तांगाता तिरिती आहेत. तहाच्या शिक्षकांनी २००६ मध्ये नव्या स्थलांतरितांसाठी खास पुस्तिकाही तयार केली.

ज्यांच्या इतिहासात मोडलेले तह आणि खालसा झालेली राज्ये आहेत, त्यांना हे समजायला इतरांपेक्षा कमी वेळ लागायला हवा. तेव्हा तिकडे राहणाऱ्या, जाऊ पाहणाऱ्या किंवा मुलांना तिकडे शिकायला पाठवणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला एक विनंती आहे. तहाचे दोन्ही मजकूर वाचा. ते मिळून दोन-तीन पानांचे आहेत. तुमचे घर कोणत्या इवीच्या भूमीवर आहे आणि ती त्यांच्या हातून कशी गेली, हे गावच्या ग्रंथालयात जाऊन शोधा. मग ते मुलांना सांगा आणि मंडळाच्या गणेशोत्सवात भेटणाऱ्या चार लोकांनाही सांगा. उरलेले शिक्षण तिथून पुढे आपोआप सुरू होईल.